वयाच्या एका नोंदीचे राजकारण

राज्यघटनेच्या सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत कोणत्या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही, ती कारणे एकेक करून सांगितली आहेत. धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवास. या यादीत वय नाही. अमेरिकेने १९६७ साली चाळिशीपुढील नोकरदारांसाठी स्वतंत्र कायदा केला, ब्रिटनने २००६ साली नियम करून नोकरीत वयावरून होणारा भेदभाव बेकायदा ठरविला. भारतात असा सर्वसाधारण कायदा आजही नाही. जे काही संरक्षण आहे ते चौदाव्या कलमातील समानतेच्या तत्त्वातून न्यायालयांनी प्रकरणपरत्वे काढलेले. हे काहीसे नवलाचे म्हटले पाहिजे. कारण या देशातील अखिल भारतीय राजकारणाचा पहिला मोठा प्रयोग झाला तोच मुळी नोकरीतील वयोमर्यादेच्या प्रश्नावर, आणि तो करणारा माणूस स्वतः वयाच्याच तंट्यात नोकरी गमावता गमावता वाचला होता. सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे त्याचे नाव.

सुरेंद्रनाथांचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ रोजी कोलकात्यात एका कुलीन ब्राह्मण घराण्यात झाला. वडील दुर्गाचरण हे पाश्चात्त्य वैद्यकाचे नामांकित डॉक्टर. आजोबांचे वळण सनातनी, वडिलांचे आधुनिक. अशा घरात मुलाने विलायतेला जावे की नाही हा साधा प्रश्न नव्हता. १८६८ साली बी.ए. झाल्यावर मार्च महिन्यात ते रमेशचंद्र दत्त आणि बिहारीलाल गुप्त या दोन मित्रांसह इंग्लंडला निघाले. तिघांचेही उद्दिष्ट एकच होते, इंडियन सिव्हिल सर्व्हिसची स्पर्धापरीक्षा. तोवर त्या परीक्षेतून एकच भारतीय पार पडला होता. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ साली उत्तीर्ण झाले आणि पुढे त्यांची नोकरी आपल्या मुंबई इलाख्यातच झाली.

१८६९ च्या परीक्षेत चार भारतीय यशस्वी ठरले. तीन बंगाली आणि चौथे मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर. सत्येंद्रनाथांचा अपवाद सोडला तर आधी कोणीच नव्हते, त्यामुळे ठाकूर हे सिव्हिल सर्व्हिसच्या यादीत आलेले पहिले मराठी गृहस्थ ठरतात. मराठी वाचकाला त्यांचे नाव आज क्वचितच ठाऊक असते. चौघांच्या यशाचा आनंद टिकला नाही. सुरेंद्रनाथ आणि ठाकूर यांची वये मर्यादेबाहेरची असल्याचा संशय घेऊन सिव्हिल सर्व्हिसच्या आयुक्तांनी दोघांची नावे यादीतून काढून टाकली.

प्रकरण समजून घेण्यासारखे आहे. उमेदवाराचे वय तेव्हा एकवीसच्या आत असावे लागे. सुरेंद्रनाथांनी डिसेंबर १८६३ मध्ये कोलकाता विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा दिली तेव्हा अर्जावर वय सोळा असे लिहिले गेले होते. त्या वेळी त्यांना पंधरा वर्षे पूर्ण होऊन सोळावे लागले होते. आपल्याकडे वय सांगण्याची रीत हीच. मुलाचे वय विचारले की घरातले वडीलधारे चालू वर्ष सांगत, पुरे झालेले नव्हे. विद्यापीठाच्या कारकुनाने ते लिहून घेतले आणि लंडनच्या आयुक्तांनी त्याचा अर्थ इंग्रजी पद्धतीने, म्हणजे सोळा पूर्ण, असा लावला. त्या हिशेबाने १८६९ साली उमेदवार एकवीस ओलांडून गेला. खरे वय वीसच होते.

खुलासा मागविला गेला, तो दिला गेला आणि फेटाळलाही गेला. हिंदू कुटुंबात जन्मवेळेइतकी काळजीपूर्वक नोंदविली जाणारी दुसरी गोष्ट नसते. पण घरच्या जन्मपत्रिकेला आयुक्तांच्या लेखी किंमत नव्हती. कोलकात्यात या निर्णयावर गदारोळ उठला. तेथील प्रतिष्ठितांनी बंगाली कालगणनेची रीत शपथेवर सांगितली. सुरेंद्रनाथांनी लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने आयुक्तांना कारण दाखविण्याचा आदेश देताच आयुक्तांनी माघार घेतली आणि दोन्ही नावे यादीत परत आली. वसाहतीतील एका विशीच्या तरुणाने साम्राज्याच्या राजधानीत, साम्राज्याच्याच न्यायालयात, साम्राज्याच्या नोकरशाहीला नमविले होते. या जयाचे समाधान वडिलांना फार काळ लाभले नाही. दुर्गाचरण १८७० साली वारले.

हा तंटा केवळ जुन्या काळचा म्हणून सोडून देता येत नाही. महाराष्ट्रात आजही १ जून ही लाखोंची जन्मतारीख आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती लिहून टाकली; त्यामुळे दर वर्षी ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत निवृत्तांची रांग लागते. केंद्र सरकारच्या नियमानुसार जन्मतारखेची दुरुस्ती मागायची तर ती नोकरीत आल्यापासून पाच वर्षांच्या आत मागावी लागते, आणि १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा दंडक उचलून धरला. २०१२ साली तर लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंह यांच्या जन्माचे साल १९५० की १९५१ हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. शालान्त प्रमाणपत्रात एक साल, प्रवेशाच्या अर्जात दुसरे. अखेर अर्ज मागे घेतला गेला. कागदावरचे वय आणि देहाचे वय यांत कागदाचेच खरे धरायचे, ही आयुक्तांची वृत्ती स्वतंत्र भारताच्या प्रशासनाने जशीच्या तशी उचलली. त्यामागे प्रशासकीय सोय आहे हेही मान्य करावे लागेल. प्रत्येक जन्मतारीख निवृत्तीच्या तोंडावर उकरली जाऊ लागली तर सेवाज्येष्ठतेची यादी टिकणार नाही.

१८७१ साली सुरेंद्रनाथ अंतिम परीक्षा उत्तीर्ण होऊन परतले आणि सिल्हेट येथे साहाय्यक दंडाधिकारी म्हणून रुजू झाले. वरिष्ठ होते सदरलँड नावाचे गृहस्थ. संबंध लवकरच बिघडले. युधिष्ठिर नावाच्या एका आरोपीवर होडी चोरल्याचा खटला होता. तो फरारी नसताना त्याचे नाव फरारींच्या यादीत चढविणाऱ्या आदेशावर सुरेंद्रनाथांची सही आढळली. खटला लांबल्याचे झाकण्यासाठी त्यांनी जाणूनबुजून खोटी नोंद केली, असा आरोप ठेवण्यात आला. चौकशी आयोग नेमला गेला, त्याचे सर्व सदस्य युरोपीय होते. चौकशी कोलकात्यात व्हावी ही विनंती अमान्य झाली. आरोप सिद्ध धरले गेले आणि १८७४ साली नोकरी गेली. दरमहा पन्नास रुपयांचे अनुकंपा वेतन तेवढे मंजूर झाले.

सुरेंद्रनाथ पूर्णपणे निर्दोष होते असे म्हणणे धाडसाचे होईल. कामाच्या गठ्ठ्यात पुढे आलेल्या कागदावर न वाचता सही करणे हा गुन्हा नसला तरी हलगर्जीपणा आहे, आणि कचेरीत आयुष्य काढलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. प्रश्न शिक्षेचा आहे. ज्या चुकीसाठी एखाद्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याला लेखी समज मिळाली असती, तिच्यासाठी भारतीय अधिकाऱ्याला बडतर्फ करण्यात आले, अशी सुशिक्षित भारतीयांची त्या वेळी खात्री झाली. ही खात्री पुढच्या राजकारणाला पुरेशी ठरली.

ते पुन्हा लंडनला गेले. इंडिया ऑफिसने दाद दिली नाही. बॅरिस्टर व्हावे म्हटले, तर बडतर्फीचे कारण पुढे करून मिडल टेंपलने १८७५ साली सनद नाकारली. नोकरीचे दार बंद, वकिलीचेही बंद, आणि वय अवघे सव्वीस. परतल्यावर ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्यांना आपल्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये इंग्रजीचे प्राध्यापक नेमले, पगार दोनशे रुपये. सरकारने एक दंडाधिकारी गमावला आणि विद्यार्थ्यांना एक वक्ता मिळाला. मॅझिनी आणि इटलीचे एकीकरण यांवरील त्यांच्या व्याख्यानांनी बंगालची एक पिढी भारून गेली. २६ जुलै १८७६ रोजी आनंदमोहन बोस यांच्यासमवेत त्यांनी इंडियन असोसिएशनची स्थापना केली. त्याच दिवशी त्यांचा लहान मुलगा वारला होता. संध्याकाळच्या सभेला ते हजर राहिले.

वयोमर्यादेचा प्रश्न पुन्हा पुढे आला तो याच सुमारास. १८५५ साली खुली स्पर्धा सुरू झाली तेव्हा कमाल वय तेवीस होते. पुढे ते बावीस आणि १८६६ पासून एकवीस झाले. १८७६ साली भारतमंत्री लॉर्ड सॅलिस्बरी यांनी ते एकोणीसवर आणण्याचे ठरविले आणि १८७८ पासून ते अमलात आले. कारणे देण्यात आली ती इंग्लंडमधल्या शिक्षणाची. शाळा संपताच मुलगा निवडावा आणि मग त्याला विद्यापीठात तयार करावे, अशी ही योजना होती. इंग्रज मुलाच्या दृष्टीने ती असमंजस नव्हती. पण भारतीय मुलाच्या दृष्टीने पाहिले तर तिचा अर्थ वेगळाच होता. एकोणीसच्या आत लंडनला परीक्षा द्यायची म्हणजे सोळा-सतराव्या वर्षी, पदवी हाती नसताना, परक्या भाषेतल्या अभ्यासासाठी समुद्रपार जायचे. कोणते आईबाप या वयाच्या मुलाला धाडणार होते? नियमात भारतीय हा शब्द कोठेही नव्हता. महाराणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यातील समान संधीचे आश्वासन कागदावर शाबूत राहिले. वयाची अट सर्वांना सारखी आणि परिणाम मात्र एकाच वर्गावर, असा हा प्रकार होता. आजच्या कायद्याच्या परिभाषेत त्याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हणतात. तेव्हा त्यासाठी शब्द नव्हता. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी १८७८ च्या एका गोपनीय टिपणात, भारतीयांना दिलेली वचने पाळण्याऐवजी ती मोडण्याचेच उपाय योजल्याचा आरोप सरकारला समाधानकारकपणे खोडता येणार नाही, अशा आशयाची कबुली दिली होती. टिपण नंतर बाहेर आले.

१८७७ च्या जानेवारीत दिल्लीत लिटन यांचा दरबार भरला. सुरेंद्रनाथ तेथे हिंदू पेट्रियट या पत्राचे प्रतिनिधी म्हणून आले होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, स्वदेशी जाड्याभरड्या कापडाच्या वेषात त्याच दरबारात मानपत्र घेऊन उपस्थित होते. राजेरजवाड्यांना एकत्र आणता येते तर शिकलेल्या लोकांना का नाही, हा विचार सुरेंद्रनाथांच्या मनात दिल्लीतच पक्का झाला. २४ मार्च १८७७ रोजी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये वयोमर्यादेविरुद्ध सभा भरली आणि मे महिन्यात ते उत्तर हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाले.

हा दौरा कशासाठी, हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे. वयोमर्यादा हे निमित्त होते, हेतू निरनिराळ्या प्रांतांतील लोकांना एका मागणीवर एकत्र आणण्याचा होता. आग्रा, दिल्ली, मेरठ, अमृतसर, लाहोर, अलाहाबाद, कानपूर, लखनौ, बनारस. अलीगढला सभेचे अध्यक्ष होते सर सय्यद अहमद खान, जे दहाच वर्षांनी काँग्रेसचे आणि स्पर्धापरीक्षांच्या मागणीचे कडवे विरोधक बनले. लाहोरला सरदार दयालसिंग मजिठिया यांची मैत्री जुळली. त्यांनी १८८१ साली ट्रिब्यून हे पत्र सुरू केले, त्यामागे सुरेंद्रनाथांचा सल्ला होता. ते पत्र आता चंदीगडहून निघते. पुढच्या हिवाळ्यात मुंबई आणि मद्रास इलाखे झाले. मुंबईत विश्वनाथ नारायण मंडलिक, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि फिरोजशहा मेहता यांच्याशी, पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांशी गाठी पडल्या. सुरत आणि अहमदाबाद येथेही सभा झाल्या. मागणी दुहेरी होती. वयोमर्यादा वाढवा आणि परीक्षा लंडनबरोबर भारतातही घ्या. रेल्वेच्या डब्यातून हिंडणाऱ्या एका बडतर्फ अधिकाऱ्याने जे केले ते तोवर कोणी केले नव्हते. पेशावरपासून मद्रासपर्यंतच्या सुशिक्षितांनी एकाच अर्जाला पाठिंबा द्यावा ही कल्पनाच नवी होती.

तो अर्ज घेऊन बॅरिस्टर लालमोहन घोष १८७९ साली इंग्लंडला गेले. लंडनच्या सभेला अध्यक्ष म्हणून जॉन ब्राइट यांच्यासारखा नेता लाभला. त्याच वर्षी वैधानिक सिव्हिल सर्व्हिस नावाची एक वेगळी वाट काढण्यात आली. तिच्यात उच्च कुळातील भारतीयांची सहाव्या हिश्श्यापर्यंत नेमणूक करण्याची तरतूद होती, पण ती परीक्षेने नव्हे तर नामनिर्देशनाने. गुणवत्तेऐवजी घराणे पाहणारी ही योजना फारशी रुजली नाही. मूळ मागणीला यश यायला आणखी वेळ लागला. १८८६ साली नेमलेल्या ॲचिसन आयोगाने कमाल वय तेवीस करण्याची शिफारस केली आणि १८९२ पासून ती अमलात आली. भारतात परीक्षा घेण्याची मागणी मात्र आयोगाने नाकारली. १८९३ साली ब्रिटिश लोकसभेने त्या बाजूने ठराव केला, तोही कपाटात पडला. भारतातली पहिली परीक्षा अलाहाबादला झाली ती १९२२ साली.

सुरेंद्रनाथांच्या चळवळीवर एक आक्षेप तेव्हाही घेतला जाई आणि तो रास्त आहे. वयोमर्यादेचा प्रश्न देशातल्या किती लोकांचा होता? १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात माणसे अन्नावाचून मरत होती आणि त्याच वेळी काही शेकडा पदवीधरांच्या नोकरीसाठी सभा भरत होत्या. इंडियन असोसिएशनने कुळांच्या हक्कांचा आणि आसामच्या मळ्यांवरील मजुरांचा प्रश्नही नंतर हाती घेतला, हे खरे. तरीही ज्या मागणीवर हिंदुस्थानचे सुशिक्षित प्रथम एकत्र आले ती त्यांच्या स्वतःच्या वर्गाची मागणी होती. राजकारणाची सुरुवात बहुधा अशीच होते.

पुढील चरित्र सर्वपरिचित आहे. १८७९ पासून बेंगॉली हे पत्र, १८८२ पासून रिपन कॉलेज, जे आज सुरेंद्रनाथ कॉलेज म्हणून ओळखले जाते. १८८३ साली न्यायमूर्ती नॉरिस यांनी शाळिग्राम न्यायालयात आणविल्यावर केलेल्या टीकेबद्दल दोन महिने तुरुंगवास. १८८५ साली मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले तेव्हा ते नव्हते, कारण त्याच दिवसांत त्यांची स्वतःची राष्ट्रीय परिषद कोलकात्यात चालू होती. १८९५ साली पुण्याच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरू द्यावी की नाही यावरून टिळक आणि रानडे यांच्या अनुयायांत जुंपली होती ते हेच अधिवेशन. १९०२ साली अहमदाबादला पुन्हा अध्यक्षपद. वंगभंगाच्या आंदोलनात त्यांचा शब्द बंगालमध्ये अखेरचा मानला जाई आणि हार न मानणारा म्हणून त्यांच्या नावावर लोक इंग्रजी कोटी करीत. १९१८ साली माँटेग्यू सुधारणांच्या प्रश्नावर ते काँग्रेसपासून दूर झाले आणि मुंबईत भरलेल्या मवाळांच्या परिषदेचे अध्यक्ष बनले. १९२१ साली सर हा किताब आणि बंगाल सरकारात स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्रिपद मिळाले. ज्या सरकारने सत्तेचाळीस वर्षांपूर्वी हाकलले होते त्याच सरकारात ते खुर्चीवर बसले. असहकाराच्या दिवसांत तरुणांनी याला शरणागती म्हटले. १९२३ चा कोलकाता महापालिका कायदा ही त्यांच्या मंत्रिपदाची मोठी कामगिरी, पण तिचे श्रेय तेव्हा कोणी दिले नाही.

वयोमर्यादेचा वाद त्यांच्याबरोबर संपला नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत खुल्या गटाची कमाल मर्यादा २०१४ पासून बत्तीस आहे आणि संधी सहा. २०१८ च्या डिसेंबरात नीती आयोगाने ती मर्यादा टप्प्याटप्प्याने सत्तावीसवर आणावी असे सुचविले, तेव्हा काही दिवसांतच असा कोणताही प्रस्ताव नसल्याचा खुलासा सरकारला करावा लागला. तरुण अधिकारी अधिक घडविता येतो, हा युक्तिवाद सॅलिस्बरींचाच. उशिरा शिकणाऱ्याला, मातृभाषेतून शिकलेल्याला, खेड्यातून राजेंद्रनगर वा मुखर्जीनगरच्या खोलीपर्यंत पोचायलाच चार वर्षे लागलेल्याला वयाची अट आधी चाळून टाकते, हा प्रतिवाद १८७७ च्या टाउन हॉलमधला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण अट कोणाला बाहेर ठेवते ते मोजल्याशिवाय ती सर्वांना सारखी आहे असे म्हणता येत नाही, ही सुरेंद्रनाथांची भूमिका अधिक टिकाऊ वाटते.

१९२३ च्या अखेरीच्या निवडणुकीत बराकपूरच्या मतदारसंघात पंचाहत्तर वर्षांचे मंत्री एका नवख्या उमेदवाराकडून पराभूत झाले. तो उमेदवार एकेचाळीस वर्षांचा डॉक्टर होता, बिधानचंद्र रॉय. हेच रॉय पुढे पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री झाले आणि ऐंशीव्या वाढदिवशी, १ जुलै १९६२ रोजी, पदावर असतानाच वारले. सुरेंद्रनाथांनी पराभवानंतर राजकारण सोडले, आत्मचरित्र लिहून पुरे केले आणि ते १९२५ साली प्रसिद्ध झाले. त्यात वयाच्या खटल्याची हकीकत तपशिलाने आली आहे. त्याच वर्षी ६ ऑगस्ट रोजी बराकपूरच्या राहत्या घरी त्यांचा मृत्यू झाला. वय शहात्तर पूर्ण, सत्याहत्तरावे चालू होते.